दोघांची वाटी: सांगलीत नवा संसार मांडताना

स्वयंपाक शिकवणारी माणसं माप सांगतात ते आठ-दहा ताटांचं, आणि तेही "घाल की अंदाजानं" असं. मग विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन राहणाऱ्या जोडप्याची आमटी तीन दिवस पुरते, भात फ्रीजमध्ये वाळतो आणि भाकरी तव्यावरच फुटते. अंदाज यायला वेळ लागतो. पहिले दोन महिने सरळ मोजून करा, दोघांपैकी स्वयंपाकाला कोणीही उभं राहो.

घरातली एकच स्टीलची वाटी मापाची म्हणून बाजूला काढा आणि ती तांदळाच्या डब्यात ठेवून द्या. साधारण १५० मिलिलिटर पाणी मावेल अशी हवी. औषधाबरोबर येणाऱ्या छोट्या मापानं एकदा मोजून घेतलं की झालं. या वाटीत सपाट भरून तांदूळ किंवा तूरडाळ १२५ ते १३० ग्रॅम बसते आणि ज्वारीचं पीठ शिगोशीग भरलं की ९० ग्रॅमच्या आसपास. दोघांना भाकरीसोबत भात हवा असेल तर पाऊण वाटी तांदूळ पुष्कळ झाले, नुसता आमटी-भात असेल तर सव्वा वाटी. आमटीला अर्धी वाटी तूरडाळ. एवढीशी डाळ पाच लिटरच्या कुकरमध्ये थेट टाकू नका, ती तळाशी लागते. लग्नात आहेर म्हणून येतो तो कुकर बहुधा एवढाच मोठा असतो. त्यात डबे लावा, खाली दोन वाट्या पाणी घाला, डाळीच्या डब्यात डाळीच्या अडीचपट पाणी, चिमूट हळद आणि चार थेंब तेल.

डाळ चार शिट्ट्या होऊनही दाणेदार राहिली तर आधी पाण्यावर संशय घ्या. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर गळत नाही, शिजवायला नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. दुसरं कारण म्हणजे चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच टाकणं. आंबट पदार्थ डाळीचा गर घट्ट धरून ठेवतात, म्हणून ते डाळ मऊ झाल्यावरच घालायचे.

आता भाकरी. सांगलीत पाहुण्यांपुढे चपाती चालून जाते, पण रोजच्या ताटात भाकरीच लागते आणि नव्या हाताची परीक्षा तिथेच होते. निम्मी भाकरी ज्वारी आणि दळणातच ठरलेली असते. दुकानात शाळू मागा. ही रब्बीची ज्वारी, मालदांडी त्यातलीच. जत, आटपाडीकडचा नवा शाळू काढणीनंतर फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात येतो. खरिपाची हायब्रीड स्वस्त पडते, पण तिची भाकरी कमी गोड लागते आणि गार झाली की लवकर ताठ होते. दोघांच्या दिवसाला चार भाकरी धरल्या तर साडेतीनशे ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे पाच किलो दळण दोन आठवडे. त्याहून जास्त दळू नका. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा संपतो, आणि मग कितीही मळा, भाकरी थापताना कडेनं चिरत जाते. गिरणीत "बारीक दळा, आणि ज्वारीवरच दळा" एवढं सांगायला लाजू नका. आधी बाजरी किंवा हरभरा दळला असेल तर पहिलं किलोभर पीठ भलतंच निघतं. घरी आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात कोंबायचं नाही. तासभर कागदावर पसरून गार करा, नाहीतर झाकणाला वाफ धरते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि आठवडाभरात वास येतो.

ज्वारीत गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो. पिठाला धरून ठेवण्याचं काम गरम पाणी करतं, कारण त्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो. म्हणून पाणी कोमट नको, बोट बुडवल्यावर चटका बसेल इतकं कढत हवं. एका भाकरीला शिगोशीग वाटीभर पीठ आणि अर्धी वाटी पाणी. पाणी सगळं एकदम ओतू नका, दोन चमचे मागे ठेवा. आधी चमच्यानं कालवा, हात सोसेल तसं मळायला घ्या. परातीत तळहाताच्या बुडानं पीठ पुढे रगडत न्यायचं, गोळा करायचा, पुन्हा रगडायचं, अशी तीन-चार मिनिटं. नव्या हाताला हीच तीन मिनिटं फार वाटतात आणि तिथेच कसर राहते. गोळा हातात घेऊन अंगठ्यानं कड दाबा. चीर पडली तर अजून मळा, किंवा मागे ठेवलेलं पाणी ओल्या हातानं लावत मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. चार भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलं तर शेवटचा गोळा सुकून चिरतो.

परातीत मूठभर कोरडं पीठ पसरून गोळा ठेवा, वरूनही पीठ भुरभुरवा. एका हातानं थापा आणि दुसऱ्या हाताची बोटं कडेला धरून ठेवा, म्हणजे कड फाटत नाही. खाली पीठ पुरेसं असेल तर थापता थापता भाकरी आपोआप फिरते. ती फिरायची थांबली की समजा चिकटली. अशा वेळी जोर न करता कड उचलून खाली पीठ सारा. मधोमध जाड आणि कडेला पातळ अशी थापलेली भाकरी फुगत नाही. सुरुवातीला वीतभर भाकरी पुरे, ताटाएवढी भाकरी हा हौसेचा भाग झाला.

तवा लोखंडी किंवा बिडाचा घ्या आणि आधीच तापवून ठेवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत उडून गेला पाहिजे. दोन्ही हातांवर भाकरी उचलून पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाका आणि लगेच ओल्या हातानं वरून पाणी फिरवा, अगदी कडेपर्यंत. पाण्याची चमक जाऊन भाकरी वरून मळकट दिसू लागली की उलटा. सगळा खेळ या अर्ध्या मिनिटाचा. पाणी ओलं असतानाच उलटली तर ती तव्याला चिकटते, पार वाळू दिली तर भेगा पडतात आणि त्या भेगांतून वाफ निघून गेली की फुगायचं नाव नको. दुसरी बाजू नीट डाग पडेपर्यंत, साधारण मिनिटभर, भाजू द्या. मग तवा बाजूला करून पहिली बाजू सरळ आचेवर धरा. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. आच मोठीच ठेवा. मंद आचेवर रेंगाळलेली भाकरी कडक होते.

पीठ जुनं असेल तर टाकून देऊ नका, उकड काढा. वाटीभर पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करून त्यात वाटीभर पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग मळा. हे पीठ लाटण्यानं लाटताही येतं. काही घरांत याला फसवणूक मानतात. मानू द्या, भाकरी मऊ होते.

भाकरीबरोबर कोरड्यास काय, तर सांगली-कराड पट्ट्यातल्या ढाब्यांवर हमखास मिळणारा अख्खा मसूर घरी सोपा आहे. पाऊण वाटी मसूर तासभर भिजवा, दोन वाट्या पाण्यात लहान कुकरला दोन शिट्ट्या काढा. दाणा मऊ पण अख्खा राहायला हवा. कढईत दोन पळ्या तेल, जिरं, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, बारीक चिरलेला एक मोठा कांदा. कांदा नुसता पारदर्शक होऊन भागत नाही, कडा तपकिरी व्हायला हव्यात, त्याला सात-आठ मिनिटं लागतात. मग एक टोमॅटो, तो गळून तेल सुटलं की पाव चमचा हळद आणि दीड चमचा चटणी. चटणी म्हणजे इथे कांदा-लसणाचं तिखट, शेंगदाण्याची चटणी समजून गडबड नको. चटणी टाकताना आच बारीक करा आणि दहा सेकंदांत मसुराचं पळीभर पाणी ओता. कडकडीत तेलात तिखट जळलं की रश्शाचा रंग काळपट होतो, चव कडवट लागते आणि ठसक्यानं घरभर खोकला. मसूर घालून पाच-सात मिनिटं उकळू द्या, शेवटी कोथिंबीर. मिठाचं मात्र जपून. घरच्या चटणीत मीठ आधीच असतं, म्हणून नेहमीच्या निम्मं घाला, उकळल्यावर चाखा आणि मग वाढवा. पहिल्या महिन्यातल्या खारट भाज्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

ही चटणी उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, कांडून आणतात आणि मुलीला किंवा सुनेला बरणी भरून मिळते. दोघांना वर्षाला सव्वा-दीड किलो पुरते. स्वतः करायची झाल्यास रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी मिरची घ्या. कांदा उन्हात वाळवून मग कुरकुरीत तळा. तो आतून दमट राहिला तर जुलैत बरणीवर पांढरी बुरशी येते. बरणी चिनी मातीची किंवा काचेची, पूर्ण कोरडी. चटणी दाबून भरा, वर हिंगाचे दोन खडे ठेवा. रोजच्या वापराची वेगळ्या डब्यात काढा, मोठ्या बरणीत रोज चमचा जाता कामा नये, ओला तर नाहीच नाही.

साठवणीचं हे गणित या गावाला जुनं आहे. सांगलीशेजारच्या हरिपूरला पेवांमध्ये, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत ओल नाही आणि हवाही नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथे राहून पुडीतली फिकी हळद खाण्यात काही अर्थ नाही. हळकुंडं घेऊन दळून आणा. रोज अर्धा चमचा धरला तर दोघांना वर्षाला अर्धा किलो लागते, आणि तीही सहा-सहा महिन्यांची दोनदा दळली तर वास टिकतो.

दही घरी लावा. अर्धा लिटर दूध उकळून, करंगळी सुखानं बुडवता येईल इतकं कोमट झालं की चमचाभर विरजण घालून ढवळा. एप्रिलमध्ये चार-पाच तासांत लागतं, डिसेंबरात रात्रभर, तेही भांडं कणकेच्या डब्यात किंवा जाड फडक्यात गुंडाळून ठेवलं तर. दूध गरम असताना विरजलं तर दही फुटून पाणी सुटतं. विरजण जास्त झालं तर सकाळपर्यंत आंबट.

गॅसबद्दल थोडक्यात. सिलिंडर घेताना त्याच्या कड्याजवळच्या पट्टीवर आतल्या बाजूला पाहा, तिथे टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत अक्षर आणि वर्ष अशी लिहिलेली असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती मुदत उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करा. आत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन वर लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज करून काट्यावर तपासून घ्या. शेगडी नेहमी टाकीपेक्षा उंचावर, टाकी उभी. केशरी रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी नळी बदलायची. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूची नळी तशीच वापरली जाते, ती पहिल्याच दिवशी बघा. गळती शोधायला साबणाचा फेस लावा, काडी नको. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

एवढं मोजूनमापून केलं तरी दिवसाआड एखादी भाकरी उरतेच. सकाळी ती हातानं बारीक कुस्करा, त्यावर ताकाचा हबका मारून दहा मिनिटं ठेवा. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक कांदा, हळद, पाव चमचा चटणी, मूठभर शेंगदाणे, मग कुस्करलेली भाकरी. झाकून दोन वाफा आणायच्या. ताक जास्त झालं तर लगदा होतो, म्हणून हबकाच मारायचा, ओतायचं नाही.