इंजिनचे बोल्ट किती आवळायचे आणि कसे?

गाडीचं काम घरी करताना बोल्ट खोलणं सोपं वाटतं, खरी कसोटी ते परत आवळताना लागते. "ढिला राहायला नको" म्हणून अंगातला सगळा जोर लावला जातो आणि ॲल्युमिनियमच्या हेडमधले (इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागातले) आटे जागच्या जागी उखडतात.

बोल्ट आवळला की तो किंचित लांबतो आणि ताणलेल्या रबरासारखा मागे ओढू पाहतो. दोन भाग घट्ट धरून ठेवतो तो हा ताण. तो कमी पडला तर पॅकिंग गळतं, जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा तुटतो. टॉर्क रेंच (आपण लावलेला आकडा गाठला की 'टक्' वाजणारा पाना) मात्र ताण मोजत नाही, आपण लावलेला पीळ मोजतो. त्या पिळातला साधारण 90 टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे आटे गंजलेले असतील तर रेंच वेळेवर 'टक्' वाजेल, पण बोल्टमध्ये पुरेसा ताण आलेलाच नसेल. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून वापरला तर उलट होतं, ताण प्रमाणाबाहेर जातो.

म्हणून आधी साफसफाई. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने घासा आणि भोकं हवा मारून कोरडी करा, पण डोळ्यांवर चष्मा हवाच. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं राहिलं तर बोल्ट त्याला खाली दाबतो, द्रव दबत नाही आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, तडा जाऊ शकतो. इथे घाई करू नका.

मग तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आकडा काढा. आटे कोरडे ठेवायचे की तेल लावायचं तेही तिथेच बघा. साध्या 8.8 ग्रेडच्या (हा बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर (पीळ मोजायचं एकक) लागतात, आठच्या बोल्टला 25. हे फक्त अंदाजासाठी, मॅन्युअलला पर्याय नाही. एकक नीट वाचा, कारण 1 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन-मीटर.

सुरुवात नेहमी बोटांनी करा. बोल्ट भोकावर ठेवून आधी हलकेच उलटा फिरवा. आट्याचं तोंड आलं की तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं, तिथून सुलटा फिरवा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. अडला तर पाना लावू नका, काढून पुन्हा बसवा. सगळे बोल्ट असे लागल्यावर रॅचेटने टेकवून घ्या. झटके देत आवळणारी इम्पॅक्ट गन इथे नको.

आता टॉर्क रेंच. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. हेडचे बोल्ट सहसा मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळतात. नेमका क्रम मॅन्युअलमध्ये असतो. रेंचची मूठ मुठीच्या जागीच धरा, संथ आणि एकसारखी ओढा, 'टक्' झालं की थांबा. खात्रीसाठी आणखी एकदा ओढण्याची सवय वाईट, दर वेळी थोडा जास्त पीळ बसतो. झालेल्या बोल्टवर रंगीत मार्करने रेघ मारत चला.

बऱ्याच इंजिनांत हेडच्या बोल्टला आकड्यानंतर अंशही दिलेले असतात, उदाहरणार्थ 40 न्यूटन-मीटर, मग 90 अंश, मग पुन्हा 90 अंश. घर्षणाचा घोळ टाळण्यासाठीच ही पद्धत आहे. अंश मोजायला अँगल गेज वापरा किंवा बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या. असे बोल्ट बहुधा मुद्दाम कायमचे ताणले जातात, म्हणून मॅन्युअल नवे घाला म्हणत असेल तर जुने परत वापरू नका, वरून कितीही ठणठणीत दिसले तरी.

टॉर्क रेंचने बोल्ट सोडवू नका. काम झालं की त्याचं सेटिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग ढिली पडून पुढच्या वेळी आकडाच चुकेल.