हंगाम चालू असताना पायांचा व्यायाम: या चुका टाळा

सामन्याच्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतोय? मग मागच्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये काहीतरी चुकलंय. दोष बहुधा वजनाचा नसतो. सेट (न थांबता केलेल्या आवृत्त्यांच्या फेऱ्या) जास्त झालेले असतात, नाहीतर एखादा नवा व्यायाम ऐन हंगामात घुसवलेला असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हंगामाआधीचंच वेळापत्रक पुढे रेटणं. धावणं, उड्या, वेगात असताना एकदम थांबणं, हे सगळं पाय मैदानावर करतच असतात. त्यावर आठवड्यातून तीनदा पाच-पाच सेट स्क्वॅट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठका) मारले तर पाय सावरणार कधी? मग पाय जड पडले की खेळाडू दुसरं टोक गाठतात: वजन निम्मं करून रेप (एका सेटमधल्या आवृत्त्या) वाढवतात, नाहीतर जिमच सोडतात. माझ्या मते ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते, कारण ताकद हळूहळू उतरते आणि हंगामाच्या शेवटी, नेमक्या महत्त्वाच्या सामन्यांत, ते जाणवतं.

कमावलेली ताकद टिकवायला काम थोडं पुरतं, पण ते जड हवं. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, 2-3 सेट, 3 ते 5 रेप. आणखी दोन रेप निघतील असं वाटत असतानाच बार खाली ठेवायचा. वजन ठेवा, सेट कापा.

वारही बघा. स्नायूंचं दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वात जास्त असतं. रविवारी सामना असेल तर जड व्यायाम बुधवारी, फार तर गुरुवारी. राखीव खेळाडूंना मात्र हे गणित लागू नाही. मैदानावरचा भार कमी, म्हणून त्यांनी जिममध्ये थोडं जास्त करायला हवं.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठीचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कुणीतरी धरून ठेवलेले असताना अंग सावकाश पुढे झुकवणं) दुखतो म्हणून अनेकजण हंगामात बंद करतात. तो बंद करू नका; या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, दुखापती कमी करण्यात त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पहिल्यांदा पाय खूप भरून येतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बरेच कमी. मोठा खंड पडला की पुन्हा पहिल्यासारखं दुखतं. म्हणून थोडा करा, पण दर आठवड्याला करा.

दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि वॉर्म-अपनंतर मोकळ्या होत असतील तर काळजी नको. गुडघ्याच्या वाटीखाली एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि उड्या मारल्यावर ती आणखी ठणकत असेल, तर उड्या लगेच कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.