डंपरचा टायर घासून संपू द्या, फाटून नको: या चुका टाळा

कुठल्याही ओपनकास्ट खाणीच्या यार्डात एका कोपऱ्यात बाद टायरांचा ढीग असतो. एकदा त्याच्याभोवती फिरून या आणि नक्षी पूर्ण झिजून गोटा झालेले टायर किती सापडतात ते मोजा. फार थोडे निघतील. बाकीच्यांची नक्षी निम्मी शिल्लक असते, पण साईडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) हातभर चीर असते, किंवा वरचं रबर आतल्या प्लायपासून, म्हणजे थरांपासून, पापुद्र्यासारखं सुटलेलं असतं. १०० टनी डंपरच्या एका टायरच्या पैशात नवी कार येते आणि एका डंपरला असे सहा टायर लागतात. चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात वीस वर्षं टायर चढवण्या-उतरवण्याचं काम केल्यावर मला हा ढीग बघवत नाही, कारण त्यातले बरेचसे टायर वाचले असते.

गरम टायरची हवा काढू नका

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती चांगल्या हेतूने होते. मे महिन्यातली दुपार, पारा ४५ च्या पुढे. डंपर डिझेल भरायला आला, पोराने गेज लावला आणि ओरडला, "भाऊ, शंभर दाखवते! पंधरा काढून टाकतो."

"थांब. सकाळी किती होती?"

"पंच्याऐंशी."

"मग हात लावू नको."

हिशेब साधा आहे. सकाळी ३० अंशाला ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा, आतलं तापमान ८० अंशांवर गेलं की जवळपास १०० दाखवणारच. त्यात वाढ झाली ती उष्णतेने, जास्त भरल्याने नाही. आता ती काढून ८५ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये उरते ७१. म्हणजे टायर कमी हवेवर कामाला निघाला. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, तापला की गेज पुन्हा चढलेला दिसतो, आणि कुणीतरी पुन्हा हवा काढतो. दोन-तीन वेळा असं झालं की आतले प्लाय सुटू लागतात. बाहेरून काही कळत नाही. कळतं ते एके दिवशी चालत्या गाडीतून रबराचा पट्टा उडाल्यावर.

हवा थंड टायरलाच तपासायची. मोठा टायर पूर्ण थंड व्हायला अख्खा दिवस लागतो, त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीनंतरची सकाळ किंवा मेंटेनन्सला उभी असलेली गाडी, ही खरी वेळ. गेज महिन्यातून एकदा दुसऱ्या गेजशी ताडून पाहा. मी दहा पीएसआयची चूक दाखवणारे गेज वापरात पाहिले आहेत. व्हॉल्व्हची टोपी हरवली तर त्याच दिवशी नवी बसवा. धूळ व्हॉल्व्हमध्ये गेली की हवा हळूहळू गळते आणि आपण पंक्चर शोधत बसतो.

आणि एखादा टायर ठरलेल्या हवेच्या ८० टक्क्यांखाली चाललेला सापडला, तर वरून हवा मारून पुन्हा कामाला लावू नका. सगळी हवा काढा, टायर उतरवा, आतून बॅटरी मारून पाहा. आतल्या तारा तुटल्या असतील तर तो टायर हवा भरतानाच साईडवॉलमधून उसवतो.

वजन पाहिलं, वेग पाहिला नाही

"ओव्हरलोड नाही साहेब, वजनकाट्याची पावती बघा," असं ठेकेदार सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तरीही टायर तापून सुटतात. याचं उत्तर टीकेपीएचमध्ये असतं. टायरवरचं सरासरी वजन टनांत आणि पाळीभरातला सरासरी वेग ताशी किलोमीटरमध्ये, या दोघांचा गुणाकार म्हणजे टीकेपीएच.

समजा ६० टनी डंपर आहे. भरल्यावर मागच्या एका टायरवर १७ टन येतात, रिकाम्या गाडीत ६ टन. सरासरी साडेअकरा. आठ तासांत २४ फेऱ्या, येऊन-जाऊन ५ किलोमीटरची फेरी, म्हणजे १२० किलोमीटर, सरासरी वेग १५. गुणाकार १७२. आता खाण खोल गेली, ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचा, ढीग (डंप) लांब सरकला, फेरी ८ किलोमीटरची झाली. फेऱ्या २० वर आल्या, पण किलोमीटर झाले १६० आणि सरासरी वेग २०. गुणाकार २३० वर गेला. वजन तेवढंच, गाडी तीच, ऑपरेटर तोच, टायरवरचा ताण मात्र एक तृतीयांशाने वाढला. कंपनीच्या पुस्तकात त्या टायरचा आकडा २०० असेल, तर तो आतून शिजणार. त्यातही पुस्तकातला आकडा ३८ अंश हवेसाठी धरलेला असतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्यातूनही वजावट करावी लागते.

म्हणून डंपची जागा किंवा हॉल रोड (डंपर ये-जा करतात तो रस्ता) बदलला की त्याच आठवड्यात हा गुणाकार नव्याने करा. आकडा बाहेर जात असेल तर वेगमर्यादा खाली आणा, दुपारच्या फेऱ्या कमी करा, नाहीतर उष्णता सोसणाऱ्या रबराचा टायर घ्या. फेऱ्यांवर बोनस लावणाऱ्या ठेकेदारांना माझी कळकळीची विनंती आहे: तो बोनस टायरच्या बिलाशेजारी ठेवून एकदा बघा.

लोडरचंही असंच. त्याच्या एल-५ प्रकारच्या टायरचं रबर जाडजूड, दगडावर घासायला केलेलं असतं. ते फेसवर (जिथे खोदून माल भरतात तिथे) मागेपुढे करण्यासाठी आहे. तो लोडर स्वतःच्या चाकांवर दहा-बारा किलोमीटर पळवत दुसऱ्या खाणीत नेला की टायर आतून भाजून निघतो. ट्रेलरचं भाडं वाचवून चार टायर गमावलेले मी पाहिले आहेत.

दोष दगडाचा नाही, रस्त्याचा

फेसवर पोकलेन डंपर भरत असताना चार-सहा दगड खाली पडतात. पुढचा डंपर मागे घेताना त्यांच्यावरच चढतो. तिथे डोझर नसेल किंवा "पाळी संपताना साफ करू" म्हणून थांबला असेल, तर तोवर पंधरा-वीस गाड्या त्या दगडांवरून गेलेल्या असतात. पावसाळ्यात तर ओलं रबर कोरड्यापेक्षा फार सहज कापलं जातं, आणि पाण्याच्या डबक्यात दगड दिसतही नाही. वणी भागात जून-जुलैमध्ये चिरलेल्या टायरांची रांग लागते ती यामुळे. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज निघतं, तिथे दगड अधिक धारदार. तिथे कोळशाच्या खाणीतला अनुभव जसाच्या तसा चालत नाही.

पाणी साचू न देणारा रस्ता, वळणावर योग्य उतार, आणि नियमाने सांगितलेला १६ ला १ चा चढ पाळला तर टायर जगतात. चढ खडा असला की भरलेल्या गाडीचं वजन मागच्या टायरांवर जास्त येतं आणि चाक जागेवर फिरतं. त्या एका फिरण्यात जेवढी नक्षी जाते, तेवढी सपाटीवर दिवसभरात जात नाही. रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचं डिझेल वाचवू नका.

जोडीतला मोठा भाऊ

मागच्या जोडीत एक नवा आणि एक निम्मा झिजलेला टायर लावला, तर नव्याचा घेर मोठा असल्याने बहुतेक वजन तो एकटाच उचलतो. दोघांची नक्षी मोजूनच जोडी लावा. चांगली पद्धत अशी की नवा टायर पुढे लावायचा, तिसरा हिस्सा झिजला की मागे न्यायचा. रेडियल आणि साधा टायर एका एक्सलवर कधीच नको. जोडीत अडकलेला दगड पाळी बदलताना काढलाच पाहिजे. दोन टायरांच्या मध्ये लटकणारा दांडा त्याचसाठी असतो आणि तो वाकलेला असेल तर सरळ करून घ्या.

रिंग: इथे माणसं जातात

वरच्या चुकांनी पैसा जातो. इथे सावकाश वाचा.

मे २०२२ मध्ये रायपूरजवळच्या सिलतरा औद्योगिक भागात जेसीबीच्या टायरमध्ये हवा भरताना टायर फुटला आणि दोन कामगार जागीच गेले. सीसीटीव्हीतलं ते चित्रण देशभर फिरलं. तो टायर डंपरच्या टायरपुढे लहानच म्हणायचा.

मोठ्या डंपरची रिंग, म्हणजे टायर बसतो तो रिम, एकसंध नसते. रिमचा पाया, दोन फ्लँज (कडा), बीडची (टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेची) पट्टी, लॉक रिंग आणि मध्ये रबरी ओ-रिंग. एवढा सगळा डोलारा ती लॉक रिंग आपल्या खाचेत पकडून ठेवते. खाचेत गंज, माती किंवा जुन्या पेंटचा थर असेल तर लॉक रिंग पूर्ण बसत नाही. मग हवा भरताना ती सुटते आणि तोफगोळ्यासारखी येते.

एका गोष्टीवर मी नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून रागावतो. मागच्या जोडीचं चाक काढायचं असेल, तर नटाला पाना लावण्याआधी दोन्ही टायरांची हवा पूर्ण काढायची. दोन्ही. व्हॉल्व्हची सुई बाहेर काढायची आणि भोकात तार घालून पाहायची, कारण माती अडकली की हवा संपल्यासारखी वाटते आणि आत असते. बाहेरच्या रिमला तडा गेलेला असेल तर तो केवळ नटांच्या जोरावर धरून असतो. नट सैल केला की सगळं अंगावर.

हवा भरताना क्लिपचा चक (व्हॉल्व्हला स्वतः अडकून राहणारं पाईपचं तोंड) आणि लांब पाईप वापरा आणि टायरच्या नक्षीच्या बाजूला उभे राहा, साईडवॉलसमोर नको. चाक गाडीवरून उतरवलेलं असेल तर पिंजऱ्यात ठेवून भरा. लॉक रिंग नीट बसली नाही असं वाटलं तर हवा काढून पुन्हा बसवा. हवा असताना घणाने ठोकू नका. "एकच ठोका" म्हणणारे लोक मला माहीत आहेत, त्यातले एक आज नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिंगचे भाग एकमेकांत बसल्यासारखे दिसले तरी मिसळू नका. ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी लावा. बीडला डिझेल किंवा ग्रीस चोळू नका, रबर फुगतं. टायर चढवायचा साबण मिळतो तो वापरा. पेट्रोल शिंपडून काडी लावत बीड बसवण्याचा जो जुगाड काही जण करतात, त्यावर यार्डात सरळ बंदी घाला.

टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंगही करायचं नाही. हवा काढलेली असली तरी नाही. का, ते शेवटी येतं.

खरेदीत फसगत

टायर घेताना नगाचा भाव विचारतात, तासाचा विचारत नाहीत. किंमत भागिले चाललेले तास, हा हिशेब ठेवला की स्वस्त टायर कुठला ते कळतं. त्यासाठी प्रत्येक टायरचा सिरीयल नंबर, चढवल्याची तारीख, गाडीचं मीटर, नक्षीची खोली आणि उतरवण्याचं कारण, एवढं एका वहीत लिहा. क्लेम करायचा झाला तरी हीच वही कामी येते.

कापण्याला टिकणारं रबर आणि उष्णतेला टिकणारं रबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेरी लांब असताना कापण्याला टिकणारा घेतला तर तो तापून जातो. डंपरच्या ई-४ प्रकारच्या टायरची नक्षी ई-३ पेक्षा दीडपट खोल असते, म्हणून ती सगळीकडे चांगली, हा समजही चुकीचा: जास्त रबर म्हणजे जास्त उष्णता. साईडवॉलवरचे चार आकडे वाचा. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२ वा आठवडा. जुन्या कार्कसवर (टायरच्या सांगाड्यावर) रबर चढवून विकायला आलेला टायर आतून हात फिरवल्याशिवाय घेऊ नका. गेटर (आतून लावलेली ठिगळं) कुठे आणि किती लावलेत ते आतूनच कळतं.

उभी गाडी

गोव्यात २०१२ ला खाणी बंद पडल्या, पुढे २०१८ ला पुन्हा, आणि सांगे-डिचोलीकडे ट्रक वर्षानुवर्षं उभे राहिले. न चालताही टायर मरतो. एकाच जागी वजन पडून चपटा होतो, उन्हाने साईडवॉलला बारीक तडे जातात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर लाकडी ठोकळ्यांवर घ्या, हवा ठेवा, टायरांवर ताडपत्री टाका. सुटे टायर उभे ठेवा, वेल्डिंग मशीन आणि मोटारीपासून दूर. आत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचे डास यार्डातूनच शेजारच्या वस्तीत जातात.

धूर दिसला तर

ब्रेक घासत राहिला, गाडीवर वीज पडली, डंपरचा वर केलेला ट्रॉला विजेच्या तारेला लागला किंवा कुणी रिमला वेल्डिंग केलं, तर टायरच्या आतलं रबर तापून त्यातून जळाऊ वायू निघतो. आत हवा असतेच. मग स्फोट होतो, आणि तो लगेच होईल असं नाही, काही तासांनीही होतो. बाहेर ज्वाला दिसलीच पाहिजे असंही नाही. नायट्रोजन भरलेला असेल तर हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण आत जळायला ऑक्सिजनच नसतो.

अशा वेळी ऑपरेटरने गाडी मोकळ्या जागी थांबवून निघून यायचं. तारेला गाडी चिकटलेली असेल तर वीज बंद झाल्याचं कळेपर्यंत केबिनमध्येच बसायचं. हवा सोडायला कुणी जवळ जायचं नाही, जवळून पाण्याचा पाईपही मारायचा नाही. ३०० मीटरचा घेरा करून रस्ता बंद करायचा आणि २४ तास उलटेपर्यंत त्या घेऱ्यात कुणी पाऊल टाकायचं नाही, पाहणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा.