बागेतल्या आणि बोटीवरच्या परगावच्या माणसांना गावात सामावून कसं घ्यायचं

आपल्या कोकणात आंब्याच्या बागेत राखणीला आणि फवारणीला कोण आहे, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळं ओढायला कोण आहे, चिरेखाणीवर (जांभा दगडाच्या खाणीवर) कोण राबतंय ते जरा बघा. नेपाळी, कर्नाटकातले, युपी-बिहारचे. ह्यांच्याशिवाय सीझन निघत नाही हे बागायतदार पण मान्य करतात आणि नाखवा (बोटीचा मालक) पण, तरी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा विषय निघतो तो कुठे चोरी झाली की तेव्हाच. हे मला फार खटकतं. आपल्या घराघरातून कोणी ना कोणी मुंबईला गिरणीत, नाहीतर आखातात गेलेलं आहे, एका खोलीत दहा-दहा जणांनी दिवस काढलेत, त्यामुळे परक्या मुलखात माणसाला काय लागतं हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

आधी नाव विचारा. सगळ्यांना सरसकट 'ए बहादूर' म्हणायचं बंद करा. नाव, जिल्हा, घरी कोण कोण आहे आणि घरचा एक फोन नंबर डायरीत लिहून ठेवा, कारण माणूस आजारी पडला की मध्यरात्री तोच नंबर शोधावा लागतो. नेपाळी माणूस वयाने मोठा असेल तर दाजू (म्हणजे दादा) म्हणा, बाईला दिदी.

मग कागदपत्रं. पोलीस ठाण्यात कामगारांची नोंद करायची असते, तिथे त्याला एकट्याला पाठवू नका, स्वतः सोबत जा. 'हे बाहेरच्या देशाचे, बेकायदेशीर आलेत' असं कोणी बोललं तर शांतपणे सांगा की भारत-नेपाळ करार १९५० चा आहे, नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही, राहता येतं, काम करता येतं. आणि ओळखपत्र बघून, फोटो काढून लगेच परत द्यायचं, 'पळून जाईल' म्हणून कपाटात ठेवायचं नाही. उचल दिली म्हणून माणूस अडकवून ठेवणं ही बंधबिगार झाली, तिच्यावर १९७६ पासून कायद्याने बंदी आहे.

पैशाचा हिशोब दोन वह्यांत ठेवा, एक तुमची एक त्याची. उचल किती, पगार किती, किराण्याचे किती कापले ते त्याच्यासमोर लिहायचं आणि वाचून दाखवायचं. बहुतेक भांडणं सीझनच्या शेवटी तोंडी हिशोबावरूनच होतात. नेपाळला पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची इंडो-नेपाळ रेमिटन्स सोय २००८ पासून आहे, बँक खात्यातून एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात, खातं नसेल तर रोखीने ५० हजारांपर्यंत. एकदा बँकेत सोबत जाऊन फॉर्म भरून दिलात की पुढच्या वेळी तो स्वतः जातो, मग गावाकडे निघालेल्या कोणाच्या तरी खिशात रोख रक्कम द्यायची पाळी येत नाही. कर्नाटक किंवा युपी-बिहारचं रेशन कार्ड असेल तर आपल्या गावच्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, हे कितीतरी जणांना माहितीच नसतं, त्यांना दुकान दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जीव. डोंगरातनं आलेल्या माणसाला फुरसं, म्हणजे आपल्याकडचा विषारी साप, माहीत नसतो. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की कातळावर दगड उचलताना हात घालायचा नाही, त्याला कोणी सांगायचं? मोबाईलवर फोटो दाखवा, लहानसं असतं, अंगावर नागमोडी नक्षी, वेटोळं करून अंगाला अंग घासून खरखर आवाज करतं. रात्री राखणीला फिरताना बॅटरी आणि बूट तुम्हीच द्या, हे त्याच्या पगारातून कापायचे नाहीत. चावलंच तर दोरी घट्ट बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, पाय न हलवता १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. फवारणीला मास्क, हातमोजे आणि नंतर आंघोळीला साबण-पाणी. बोटीवरच्या खलाशाला पोहता येतं का ते तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) आधीच विचारावं, आणि येत असो वा नसो, लाईफ जॅकेट अंगात पाहिजे, केबिनमध्ये खिळ्याला नको.

सोबत पोरं असतील तर त्यांना बागेत नुसती फिरू देऊ नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याने वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, जन्मदाखला नाही म्हणून किंवा टीसी उशिरा येणार म्हणून परत पाठवता येत नाही. त्याहून लहान असेल तर अंगणवाडी. आशाताईंना खोपटीपर्यंत घेऊन जा, लसीचं त्या बघतात.

सण तर एकत्र करायलाच पाहिजेत आणि ते सोपं पण आहे. आपलं नवरात्र तेच त्यांचं दशैं, आपण घटाला धान्य रुजवतो तसा ते जमरा रुजवतात आणि दसऱ्याला मोठी माणसं दही-तांदळाचा लाल टिळा कपाळाला लावून तो जमरा कानावर ठेवतात. भाऊबीजेला त्यांची भाईटीका असते. घरापासून इतक्या लांब असलेल्या पोराला त्या दिवशी गावातल्या एखाद्या ताईने ओवाळलं तर त्याला किती बरं वाटेल विचार करा. गणपतीत आरतीला बोलवा, आणि कामाला नाही, बसायला बोलवा. १८ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिवस, तेव्हा मोहोराचे दिवस असतात आणि माणसं इथेच असतात, तर देवळाच्या सभामंडपात एक संध्याकाळ ठेवा. त्यांची सेल रोटी पण तांदळाच्या पिठाची आणि आपले वडे पण, बायका एकत्र तळायला बसल्या की भाषेचं फारसं अडत नाही. रत्नागिरीत असाल तर परमुलखातून आलेल्या थिबा राजाची गोष्ट मुलांना सांगा. इंग्रजांनी १८८६ मध्ये त्याला ब्रह्मदेशातून इथे आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला, आणि त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, इथेच तिने संसार केला.

परत जायची तयारी पण आपणच करून द्यायची. १ जूनला मासेमारी बंद होते, तोपर्यंत बागा पण आवरलेल्या असतात आणि सगळे एकदम निघतात. नेपाळच्या वाटेवरच्या गोरखपूरकडच्या गाड्यांना तेव्हा तुफान गर्दी असते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच तारीख विचारून तिकीट काढून ठेवा आणि हिशोब निघायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी पुरा करा, म्हणजे त्याला घरच्यांसाठी बाजार करता येतो.