दोन औषधांनी नैराश्य हटले नाही, तर पुढे या चुका टाळा

योग्य मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेतलेली किमान दोन नैराश्यविरोधी औषधे निष्फळ ठरली, तर ते नैराश्य उपचारांना दाद देत नाही असे सामान्यतः मानले जाते. बरेचदा मात्र औषधाला पूर्ण संधीच मिळालेली नसते. दहा-बारा दिवसांत फरक दिसला नाही किंवा सुरुवातीला मळमळ झाली म्हणून गोळी बंद होते, अथवा मात्रा वाढवायची राहून जाते. परिणाम दिसण्यास साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. तरीही योग्य मात्रेवर चार आठवड्यांनंतर तसूभरही सुधारणा नसेल, तर निमूटपणे वाट पाहू नये, डॉक्टरांना सांगावे.

प्रत्येक औषधाचे नाव, सर्वाधिक मात्रा, किती आठवडे घेतले, काय सुधारले आणि ते का थांबवले, एवढी नोंद ठेवाच. माझ्या मते यासारखे उपयोगी दुसरे काही नाही, कारण तिच्याशिवाय नवे डॉक्टर जुनीच वाट पुन्हा चालतात.

निदान पुन्हा तपासून न घेणे ही त्याहून गंभीर चूक आहे. पूर्वी कधी झोप कमी होऊनही उत्साह ओसंडून वाहत होता, असे दिवस येऊन गेले असतील तर ते आवर्जून सांगावे. आजार द्विध्रुवीय (बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह) असल्यास केवळ नैराश्यविरोधी गोळ्यांनी उन्माद उफाळू शकतो. थायरॉइडची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे आणि मद्यपान यांचीही चौकशी व्हावी.

औषध बदलणे हाच एक मार्ग नसतो. थोडा गुण आला असेल, तर त्याच औषधाला लिथियम, ॲरिपिप्राझोल किंवा क्वेटियापिनची जोड देता येते. लिथियम घेताना रक्तातील पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइड यांच्या तपासण्या चुकवू नयेत. विद्युत-उपचार (ईसीटी, म्हणजे मेंदूला दिलेले नियंत्रित विद्युत झटके) भूल देऊन केले जातात आणि तीव्र नैराश्यात ते अतिशय प्रभावी ठरतात; स्मरणशक्तीवर होणाऱ्या परिणामांविषयी आधी विचारावे, परंतु केवळ भीतीपोटी ते नाकारू नयेत.

पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यविरोधी औषधे स्वतःहून एकदम थांबवल्यास चक्कर येऊ शकते, डोक्यात झटके बसल्यासारखे वाटू शकते. फ्लुओक्सेटिन हे औषध मात्र थांबवल्यावरही शरीरात रेंगाळते. ते थांबवल्यानंतर एमएओआय या नैराश्यविरोधी औषधांच्या जुन्या गटातील औषध सुरू करण्यापूर्वी किमान पाच आठवड्यांचे अंतर लागते, अन्यथा जीवघेणी गुंतागुंत संभवते.

औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, आत्महत्येचे विचार वाढत आहेत का याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. असे विचार आल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तातडीच्या सेवेला कळवावे.