पायथन अपग्रेड करताय? या चुका टाळा

पायथन ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्या व्हर्जनला आता सिक्युरिटी फिक्सही मिळत नाहीत, म्हणून अनेक टीम घाईघाईने ३.१२ कडे निघाल्या आहेत. घाई समजण्यासारखी आहे, पण त्या घाईत एक चूक हमखास होते: पायथन आणि नमपाय, पांडास यांसारख्या लायब्ररी, सगळं एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या एकाच नोंदवलेल्या बदलात) पुढे नेणं.

मी ही चूक केली आहे. टेस्ट लाल, म्हणजे नापास झाल्या, आणि कोणती पायथनमुळे पडली नि कोणती नमपायमुळे, हे दोन दिवस कळेना. शेवटी सगळं मागे घेतलं आणि क्रम बदलला. नमपाय १.२६ हे ३.९ वरही चालतं आणि ३.१२ वरही. म्हणून आधी जुन्याच पायथनवर नमपाय १.२६ पर्यंत आणायचं, टेस्ट हिरव्या झाल्या की मुख्य कोडमध्ये मर्ज करायचं. मग फक्त पायथन बदलायचं. नमपाय २ चा विचार त्यानंतर, वेगळ्या ब्रांचवर. तुमच्या प्रत्येक मोठ्या लायब्ररीचं असं दोन्हीकडे चालणारं व्हर्जन आधी शोधून ठेवा. यात गेलेला अर्धा दिवस पुढे भरून निघतो.

३.१२ वर गेल्यावर बहुतेकांना पहिली भेटणारी एरर म्हणजे ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’. डिस्टयूटिल्स हे पॅकेज बनवण्याचं नि बसवण्याचं जुनं मॉड्यूल ३.१० मध्ये डेप्रिकेट झालं (म्हणजे पुढे काढणार असं जाहीर झालं) आणि ३.१२ मधून काढूनच टाकलं. शिवाय नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन सेटअपमध्ये) त्याच कामाचं सेटअपटूल्स हे पॅकेज आता आपोआप येत नाही. लोक सेटअपटूल्स टाकतात आणि एरर जाते, कारण त्याच्या पोटात डिस्टयूटिल्सची स्वतःची प्रत आहे. तात्पुरतं ठीक, पण तिथेच थांबू नका. कोडमध्ये शोधा: बहुतेक वेळा कुणीतरी व्हर्जनची तुलना करायला किंवा ‘यस’, ‘नो’ असल्या स्ट्रिंगचं ट्रू-फॉल्स करायला ते वापरलेलं असतं. पहिल्या कामाला पॅकेजिंग ही लायब्ररी आहे, दुसऱ्याला पाच-सहा ओळींचं स्वतःचं फंक्शन पुरतं.

अशा गोष्टींची सूचना जुनं पायथन आधीपासून देत असतं, पण आपल्याला ती दिसत नाही. डेप्रिकेशन वॉर्निंग मुख्य स्क्रिप्टबाहेरच्या कोडमधून आली तर पायथन ती बाय डिफॉल्ट दाबून टाकतं. म्हणून व्हर्जन बदलण्याआधी जुन्या व्हर्जनवरच वॉर्निंगला एरर समजून टेस्ट चालवा. उदाहरणार्थ, कलेक्शन्स या मॉड्यूलमधून थेट मॅपिंग इम्पोर्ट करणं ३.१० मध्ये बंद झालं, ३.९ वर असा रन केला असता तर ते आधीच पकडता आलं असतं. आपल्या कोडमधल्या वॉर्निंग आधी निस्तरा, लायब्ररीतल्या लायब्ररी अपग्रेड करून जातील.

‘नमपाय डीटाइप साइज चेंज्ड’ ही एरर आली की लोक नमपाय पुनःपुन्हा काढतात आणि टाकतात. दोष तिथे नसतो. दुसरं एखादं पॅकेज जुन्या नमपायवर कंपाइल झालेलं असतं आणि आता समोर नमपाय २ उभं असतं. ट्रेसबॅकमध्ये (एररसोबत छापलेल्या ओळींमध्ये) त्या पॅकेजचं नाव शोधा आणि ते अपग्रेड करा. नवं बिल्ड उपलब्ध नसेल तर नमपायचं व्हर्जन २ च्या खाली पिन करून, म्हणजे अडवून ठेवा.

पिप फ्रीझचं आउटपुट (बसवलेल्या सगळ्या पॅकेजची व्हर्जनसह यादी) जसंच्या तसं रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये टाकू नका. आपण मागितलेलं काय आणि त्याच्या मागोमाग आलेलं काय, हे त्यात मिसळून जातं, आणि पुढच्या अपग्रेडला कोणती ओळ काढायची हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या थेट डिपेन्डन्सी, म्हणजे आपण स्वतः मागितलेली पॅकेजेस, वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि पूर्ण लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी) पिप-टूल्स किंवा यूव्ही या साधनांकडून बनवून घ्या.

सीआयच्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सिस्टिमच्या) यामल कॉन्फिगरेशन फाइलमध्ये व्हर्जन ३.१० असं अवतरणाशिवाय लिहिलं तर यामल तो आकडा समजतो, शेवटचं शून्य गळतं आणि मशीन ३.१ शोधायला जातं. ३.९ ला हा त्रास नव्हता, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. अवतरणात लिहा.

उबंटूचं स्वतःचं पायथन बदलू नका. अ‍ॅप्ट या पॅकेज मॅनेजरशी जोडलेली बरीच साधनं त्यावर चालतात आणि ती मोडतात. नवं पायथन शेजारी टाका आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधून वापरा.

पिकल करून (पायथन ऑब्जेक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये सेव्ह करून) ठेवलेली सायकिट-लर्न या मशीन लर्निंग लायब्ररीची मॉडेल्स असतील तर टेस्ट हिरव्या असूनही विश्वास ठेवू नका. एका व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं मॉडेल दुसऱ्यात उघडण्याची हमी ती लायब्ररी देत नाही. नव्या व्हर्जनवर मॉडेल पुन्हा ट्रेन करा, आणि जुन्या-नव्या मॉडेलची उत्तरं एकाच डेटावर ताडून पाहिल्याशिवाय प्रॉडक्शनला नेऊ नका.