दिवाळीच्या विक्रीवर राजीनामा देऊ नका

नोकरी सांभाळून इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवर काहीबाही विकणाऱ्या मुली मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, नोकरी कधी सोडू?" हा प्रश्न बहुतेक वेळा नोव्हेंबरात येतो. दिवाळी नुकतीच झालेली असते, खात्यात पगारापेक्षा जास्त रक्कम दिसत असते आणि ऑफिसचा कंटाळा आलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी मार्च आणि जुलै बघ, मग बोलू.

मी मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला होते. खणाच्या पर्स, बटवे आणि झोळ्या करून विकणं हा संध्याकाळचा आणि रविवारचा उद्योग. पहिली गिऱ्हाइकं मुलुंडहून ऑफिसला जाताना लोकलच्या लेडीज डब्यातच मिळाली. नवरात्रात रोजच्या रंगाची पर्स खांद्याला असली की विचारणा होतेच, वेगळी जाहिरात लागत नाही. आता हेच माझं पूर्णवेळ काम आहे आणि त्यावर घर चालतं.

आपल्याकडे अशा वस्तूंची विक्री पंचांगावर चालते. श्रावणात ऑर्डरी वाढू लागतात, गणपतीआधी धावपळ उडते, पितृपक्षात शांतता, मग नवरात्र आणि दिवाळी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणासाठी एकदम पन्नास-पन्नास बटवे जातात. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, जूनमध्ये शाळेची फी आणि पाऊस. या महिन्यांत फोन वाजत नाही, पण घरभाडं तेवढंच असतं. शिवाय गणपती-दिवाळीचं कापड आषाढातच घ्यावं लागतं. म्हणजे विक्री सर्वांत कमी असते तेव्हाच खर्च सर्वांत जास्त.

म्हणून नोकरी चालू असतानाच एक करा. धंद्याचं खातं वेगळं काढा आणि त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला ठरावीक पगार द्या. हा पगार तिसऱ्या खात्यात जाऊ द्या आणि त्याला हात लावू नका. एप्रिल ते मार्च हे पूर्ण वर्ष एकही महिना न चुकवता, कापडवाल्याची उधारी न वाढवता हा पगार निघाला, तर धंदा तुम्हाला पोसू शकतो. मार्चमध्ये किंवा जुलैमध्ये अडला, तर अजून नाही. वर्षाअखेर त्या तिसऱ्या खात्यात जे साठतं, तीच नोकरी सोडल्यावरची तुमची गंगाजळी.

आता उलाढाल आणि कमाई यांच्यातलं अंतर. एक पर्स ६५० रुपयांना विकली असं धरू. कापड, अस्तर, चेन १९०, शिलाई ११०, पॅकिंग २०, कुरिअर ७५, जाहिरात ८०. हातात राहिले १७५. दहा पाठवल्या की १,७५०, असं वाटतं. पण कॅश ऑन डिलिव्हरीच्या दहातल्या दोन परत आल्या, तर त्या प्रत्येकीवर जाण्या-येण्याचं कुरिअर, पॅकिंग आणि जाहिरात मिळून २५० रुपये जातात. मग दहा पार्सलांमागे उरतात ९००. महिन्याला ४०,००० हवे असतील तर साधारण साडेचारशे पार्सलं, म्हणजे रोज पंधरा. हा आकडा स्वतःच्या वस्तूसाठी काढल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आगाऊ पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला थोडी सवलत देणं परत येणाऱ्या पार्सलांपेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

कुरिअरबद्दल आणखी एक. खोका मोठा असेल तर खरं वजन न धरता आकारावरून वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या ५,००० ने भागतात. ३० बाय २० बाय १० चा खोका आत हलकी पर्स असली तरी १२०० ग्रॅमचा धरला जातो. त्यापेक्षा पर्स सपाट घडी करून पिशवीत पाठवा.

रोज पंधरा पार्सलं वन-बीएचकेमध्ये कुठे ठेवायची, हा खास मुंबईचा प्रश्न. गाळा भाड्याने घेण्याची घाई करू नका, ते भाडं मंद महिन्यांत जीव घेतं. शिलाई आमच्या भागातल्या दोघी मावशी आपापल्या घरी करतात. अस्तराचं कापड मंगलदास मार्केटमधून लागेल तसं आणते. फक्त खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येतो, त्यामुळे तो साठवावा लागतो. पावसाळ्यात तो भिंतीला टेकवून ठेवला की ओल धरतो. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण माल परराज्यात जाणार असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी ती लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे, आपली वस्तू त्यात बसते का ते सीएला विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. प्राप्तिकराचं विवरणपत्र पहिल्या वर्षापासून धंद्याचं उत्पन्न दाखवून भरा.

ते का, हे कर्ज काढायला गेल्यावर कळतं. स्वतःचा धंदा असणाऱ्याकडे बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. घरासाठी कर्ज घ्यायचं मनात असेल तर सॅलरी स्लिप हातात असतानाच घ्या, मात्र हप्ता धंद्याच्या पगारातून झेपेल एवढाच ठेवा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आधीच काढा, कारण जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ती मुदत नोकरीत असतानाच सरलेली बरी. आणि कायम नोकरीची पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटीचे पैसे सोडण्यात शहाणपण नाही.

सगळे आकडे जुळले की राजीनाम्याचा महिनाही निवडा. मी एप्रिलअखेर दिला, नोटीस पीरियड जूनमध्ये संपला. पुढचा सगळा आषाढ गणपतीच्या मालाची शिलाई करून घ्यायला मोकळा मिळाला आणि श्रावण लागला तेव्हा माल तयार होता.